बंदीशाळेचा आड

पूर्वी कुंभवती नगरीवर राजा सुयामाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व कासवाच्या योनीत जन्मून तिथल्या बंदीशाळेच्या आडात राहत असे. आड खोल होता. तळाच्या कपारीतून नदीचे पाणी हळूहळू आत येई, आणि अंग चोरून गेले तर कासव पलीकडे जाईल एवढी ती कपार रुंद होती. माध्यान्ही ऊन सरळ खाली उतरले की सारे पाणी हिरवे उजळे. त्या उजेडात बोधिसत्त्व अर्धे डोळे मिटून तरंगत राही, आणि वरून वाकणारे बंद्यांचे चेहरे त्याला ढगांसारखे येता-जाताना दिसत.

त्यांतला एक चेहरा नंदिय नावाच्या म्हाताऱ्या कोष्ट्याचा होता. राजवस्त्रातले जरीचे सूत चोरले म्हणून तो कोंडला गेला होता. पोहरा सोडण्याआधी तो कासवाला हाक देई, "बाबा, बाजूला हो. लागेल तुला."

पुढे राजाने बंदीशाळेच्या भिंतीला लागून नवी हत्तीशाळा बांधली. तिची घाण एका खड्ड्यात साठू लागली आणि जमिनीतून झिरपून आडाच्या त्याच बाजूच्या भिंतीतून आत पाझरू लागली. आधी आडातल्या गोगलगायी मेल्या. मग पाण्याला वास सुटला आणि वर बंद्यांना ओकाऱ्या-जुलाब सुरू झाले. वाकणारे चेहरे विरळ होत गेले.

बोधिसत्त्व कपारीपाशी गेला. पलीकडे नदी वाहत होती, गार आणि निर्मळ. लव्हाळ्याच्या मुळांचा वास येत होता. तो तिथे बराच वेळ थांबला. 'मी गेलो तर वाचेन,' त्याच्या मनात आले, 'पण घाण कुठून येते हे मी एकट्यानेच पाहिले आहे.' आणि तो मागे वळला.

बंदीपाल कुंडक स्वतः नदीचे पाणी पीत असे. माणसे मरू लागली तेव्हा तो म्हणाला होता, "आपापल्या पापाची फळं भोगताहेत." मरणे थांबेना तेव्हा तो म्हणाला, "आडातलं कासवच पाणी नासवत असेल. काढा वर, मीच मारतो त्याला."

नंदियाला धड उभे राहवत नव्हते. तो काठाला धरून खाली वाकला. "बाबा, वर येऊ नकोस."

पोहरा खाली आला. बोधिसत्त्व आपण होऊन त्यात बसला.

काठावर आल्यावर तो मनुष्यवाणीने म्हणाला, "कुंडका, माझ्या मरणाने पाणी शुद्ध होणार असेल तर खुशाल मार. पण ते हत्तीशाळेच्या खड्ड्यामुळे नासलं आहे. मी मेलो की हे सांगायला कुणी उरणार नाही."

कुंडकाने उगारलेला कोयता खाली घेतला. "एवढं ठाऊक होतं, तर नदीत निघून का गेला नाहीस?"

"मला वाट होती. या माणसांना त्या वाटेनं येता येत नव्हतं."

"ही गुन्हेगार माणसं आहेत."

"राजानं यांना कोंडून ठेवायची शिक्षा दिली. विष पाजायची दिली नाही."

कुंडकाने कासवाला पोहऱ्यात घालून परत आडात सोडले. हत्तीशाळा राजाची लाडकी. तिच्याविषयी ब्र काढणाऱ्याची धडगत नव्हती. तरीही दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने बंदीशाळेचे दार उघडले आणि बंद्यांना नदीवर नेले. ज्यांना चालवत नव्हते त्यांना इतरांनी पाठुंगळी घेतले. नदीवर धुके होते. बेड्यांचा आवाज पाण्यावरून दूर जात राहिला. मग माणसे गुडघ्यांवर बसली आणि ओंजळीने पाणी पिऊ लागली.

राजा स्नानाला घाटावर आला होता. त्याने विचारले, "कुंडका, हे कुणाच्या आज्ञेनं?"

"कुणाच्याच नाही, महाराज." कुंडकाने सारे सांगितले.

"सगळे आहेत?"

"एकजण धुक्यात निसटला. त्याची शिक्षा मला द्यावी."

राजाने पाहिले. पोटभर पाणी पिऊन नंदिय ओल्या वाळूवर गाल टेकून झोपी गेला होता. राजा त्याच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आधी तो खड्डा बुजवा. शिक्षेचं नंतर पाहू."

ते 'नंतर' कधी आले नाही. हत्तीशाळा हलवली गेली, आड उपसून बांधून काढला, तोवर बंद्यांना नदीचे पाणी मिळाले. बंदीपालाने बंद्यांच्याच आडाचे पाणी प्यावे असा नियमही राजाने घातला. बोधिसत्त्व आयुष्यभर त्या आडात राहिला.

ही कथा सांगून भिक्खूंचे गुरू शास्ते म्हणाले, "भिक्खूहो, त्या वेळचा कुंडक म्हणजे आज विहाराचे रांजण भरणारा सोणुत्तर. नंदिय म्हणजे आपला आजारी वृद्ध भिक्खू, थेर पियालक. आडातले कासव मीच होतो." निसटलेला बंदी कोण, हे त्यांनी सांगितले नाही. सभेत मागच्या बाजूला एक भिक्खू मान खाली घालून बसला होता. शास्त्यांनी त्याच्याकडे पाहून मंद स्मित केले आणि ते म्हणाले, "आपल्याला वाट मोकळी असताना अडकलेल्यांसाठी मागे राहणे, हीच मैत्री पारमिता, मैत्रीची परिपूर्णता."