तानूच्या दारातल्या अक्षता

मिटलेत का डोळे? बरं, मग ऐका.

एका गावात सगुणा नावाची बाई राहायची. फार देवभक्त. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची पूजा करायची नि आपल्या केशवला ओवाळायची. ज्यांची मुलं परगावी असतात, त्या आया काय करतात? चारी दिशांना अक्षता टाकतात. असेल तिथे लेकराला पोचोत म्हणून. सगुणेचा केशव मात्र समोरच पाटावर बसायचा, पुरणाकडे बघत.

शेजारी तानू कुंभारीण. तिची चिमी तापानं गेली, त्याला महिनाही झाला नव्हता. तरी तानू जिवतीसाठी आघाड्याची माळ घेऊन आली. सगुणेनं तिला दारातच अडवलं.

"तानू, आज नको गं येऊस. घरात लहान मूल आहे."

तानू माळ उंबऱ्यावर ठेवून गेली. आणि सगुणेनं काय केलं? ती माळसुद्धा उचलून बाहेर टाकली. हो, टाकली. सांगताना मलाच लाज वाटते.

मग वर्ष सरत आलं. केशवला ताप आला आणि तोही गेला. जिवतीनं शिक्षा नाही केली हं. देवी अशी नसते. ताप आला, एवढंच.

मग बायका सगुणेकडे येईनात. वाटेत दिसली की मुलांना पदराआड घेत. तेव्हा तिला कळलं, आपण काय केलं होतं ते.

श्रावण आला. शुक्रवारी तिनं मुठीत अक्षता घेतल्या. पण केशव कुठल्या दिशेला, कोणाला ठाऊक? तिनं डोळे मिटून उधळल्या. आणि काय नवल! एकही दाणा खाली पडेना. मुंग्यांच्या रांगेसारखे ते लाल दाणे हवेतून निघाले, कुंपण ओलांडून गेले नि तानूच्या दारात टपटप पडले.

सगुणा मागोमाग निघाली. कुंपणाशी तिला माळ आठवली. परतली. दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा तेच. या खेपेला अंगणापर्यंत गेली. तानू चाकावर बसली होती. तिला तोंड कसं दाखवू? पुन्हा परतली. तिसऱ्या शुक्रवारी मात्र दाराशी जाऊन मान खाली घालून उभी राहिली.

"तानू, मी तुला दारातून परत पाठवलं."

"हो, पाठवलंस."

"तुझी माळ टाकून दिली."

"ठाऊक आहे. मागे वळून बघितलं होतं मी."

सगुणेचे कान तापले. पाय मागे सरला.

"आता पळू नकोस बाई," तानू म्हणाली. "दोनदा पळालीस. या अक्षता झाडल्या नाहीत मी, बघ. बस इथं. तुझा केशव पुरण खाताना कानापर्यंत माखायचा ना गं?"

केशवचं नाव कितीतरी दिवसांत कोणी घेतलं नव्हतं. सगुणा धाय मोकलून रडली. मग हळूच म्हणाली, "आणि तुझी चिमी मला मातीची भाकरी वाढायची. खाल्ली नाही तर रुसायची."

मग दोघींनी ठरवलं, दर शुक्रवारी तानूच्या ओट्यावर बसायचं. ज्याचं लेकरू गेलं, त्यानं यायचं. बोलवायला सगुणा स्वतः गेली. ज्यांना तिनं तानूसारखंच टाळलं होतं, त्यांच्याच दारी, बरं का. कोणी आत घेतलं, कोणी दार लावून घेतलं. तिनं कशाचा राग मानला नाही.

भिवा लोहाराचा मुलगा नदीत बुडाला होता. भिवा म्हणाला, "बायकांत मी काय बसू?"

तानू म्हणाली, "का, तुझ्या डोळ्यांत पाणी नाही होय?"

मग तो आला. दोन शुक्रवार पाठ करून बसला. तिसऱ्या शुक्रवारी वळला नि म्हणाला, "आमचा राणबा घोरायचा हो. एवढासा जीव, पण भात्यासारखा!" सगळे हसले. तोही हसला, नि हसता हसता रडला.

मुलं परत आली नाहीत, बाळांनो. सगुणेची लाजही पुरती गेली नाही. पण तानू तिला आपल्या शेजारीच बसवून घ्यायची. अशी ती सगळी रडत, हसत, एकमेकांच्या आधारानं सुखानं राहिली.

निजा आता. मी इथंच बसलेय.