हळदण्याचा अर्धा नवस

हळदणे गावातल्या सातेरी देवीच्या देवळासमोर काळ्या दगडाचा एक कट्टा आहे. जत्रेच्या सकाळी लांबलांबचे नामी व्हायोलिनवाले त्यावर येऊन बसतात, तारा जुळवतात, मानाचा नारळ घेतात आणि उठतात. वाजवत कुणीच नाही. देवळापाशी माझं नारळांचं दुकान, त्यामुळे पाहुणे मलाच विचारतात, "शेठ, वाजवणार कधी?" मी आधी त्यांना पाणी देतो, मग हे सांगतो. मलाही ते पुरतं उमगलेलं नाही, एवढं आधीच कबूल करतो.

लाडोबुवा मांद्रेकर इथलेच. गोव्यात एका पाद्र्याकडे फिडल, म्हणजे व्हायोलिनच, शिकले आणि घाटावरच्या एका संस्थानात दरबारी वादक झाले. त्यांच्या गजातून माणूस बोलल्यासारखा सूर निघे म्हणे. नाटक मंडळ्यांचे मालक त्यांच्या दारात बसून चाली बांधून घेत. पण घरातला सूर गेला. एकुलती लेक तापात दगावली, आणि तिची आई भागीरथी त्या दिवसापासून बोलेनाशी झाली. गाणारी बाई, पण वर्षभर हूं की चूं नाही. वैद्य झाले, अंगारे झाले. शेवटी बुवा दरबार सोडून बायकोला घेऊन गावी आले आणि सातेरीला नवस बोलले, "आई, तुझ्यासाठी नवी चीज बांधतो. ती ऐक, आणि हिची वाचा परत दे."

गावाबाहेर, सड्याच्या कातळमाळावरच्या घरात सहा महिने ते ती चीज बांधत होते, असं सांगतात. जत्रेला कट्ट्यावर येऊन बसले. हवा दमट; तिसरी तार काही केल्या लागेना, सारखी सुरातून उतरे. खुंटी पिळतायत, गज ओढतायत, पुन्हा खुंटी. गावाने फिडल कधी ऐकलेलंच नव्हतं. लोकांना वाटलं, हेच ते वादन! माना डोलू लागल्या. एक म्हातारा तर डोळे पुसायला लागला. आणि बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, "अवो, उतरली हा ती तार!"

भागीरथीच ती.

त्या कल्लोळात गावच्या मानकऱ्याने बुवांच्या हातात नारळ ठेवला. "बुवांनू, सेवा पावली." इथला रिवाज असा, की नारळ हातात पडला की सेवा संपली, त्या जत्रेत पुन्हा वाद्याला हात लावायचा नाही. चीज तशीच राहिली.

इथून पुढे सगळा गोंधळ. वाचा देवीने दिली म्हणावं, तर चीज ऐकण्याआधीच कशी दिली? की बेसूर सोसवेना म्हणून बाई आपणहून बोलली? पुढच्या जत्रेला बुवांना धास्ती पडली. चीज वाजवली नाही, तर नवस मोडला म्हणून देवी वाचा काढून घेईल. वाजवली, तर आदली सेवा अपुरी होती हे कबूल केल्यासारखं; तरीही काढून घेईल. भागीरथी म्हणाली, "सहा म्हयने घरात वाजवल्यात. देवीक काय थयसून ऐकाक येणा नाय?" बुवांना पटेना. त्यांनी कौल लावला. देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलं चिकटवतात. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. दोन्ही एकदम पडली! पुजारी म्हणाला, "असा माझ्या आज्यान पण बघूक नाय."

मग बुवांनीच तोड काढली. तारा जुळवायच्या, म्हणजे चीज सुरू केली. नारळ घ्यायचा, म्हणजे सेवा संपली. वाजवलीही नाही, नाकारलीही नाही. तीस वर्षं त्यांनी तेच केलं. भागीरथी शेवटपर्यंत बोलत होती. चांगली भांडत होती, असंही म्हणतात. बुवांच्या बाकीच्या चाली घाटावर अजून गातात. ती एक चीज मात्र भागीरथीशिवाय कुणीच ऐकली नाही.

बुवांच्या मागे इतर वादकांनी तोच रिवाज धरला. आजही जत्रेला वादक बसला की बायका पुढे सरकून कान देतात, आणि एखादी म्हणतेच, "उतरली हा!" तेव्हाच नारळ मिळतो. हल्लीचे वादक वाद्य घरूनच चोख जुळवून आणतात. पण त्यांतले जाणते कट्ट्यावर बसताच एक खुंटी मुद्दाम किंचित सैल करतात. समोरच्या गर्दीत कोण किती दिवस गप्प बसून आहे, कुणाला ठाऊक?