गिरणीतला नाग आणि दारातली माणसे

एकदा एका वृद्ध सर्पमित्राच्या मनात भीती शिरली. सापाची भीती त्याने उभ्या आयुष्यात जपूनच ठेवली होती, म्हणून तर तो म्हातारा होऊ शकला. ही भीती निराळी होती आणि ती त्याला आपल्या शिष्यापायी लागली होती.

गाव त्या वृद्धाला आबा म्हणे. शिष्याचे नाव सुयोग. पोरगा गुणी, हात स्थिर, मुक्या जीवांविषयी माया असलेला. साप मोकळा असेतोवर नजर दुसरीकडे वळवायची नाही, हे आबांनी त्याला पहिल्या दिवशी शिकवले आणि त्याने ते मनोभावे पाळले. मग एकदा त्याने धामण रानात सोडतानाचा व्हिडिओ फोनवरून जगाला दाखवला आणि जगाने वाहवा केली. वाहवा गोड लागतेच हो, तुम्हाआम्हालाही लागते, उगाच नाही कशाला म्हणायचे? पण तिने कुणाचे पोट भरत नाही. लोक धामणीला कंटाळले तेव्हा नाग आला. नागालाही कंटाळले तेव्हा सुयोग नागाकडे पाठ करून कॅमेऱ्याकडे बघत हसू लागला.

शेजारच्या तालुक्यातला एक तरणाबांड सर्पमित्र असाच हसता हसता दंश होऊन गेला. त्याच्या त्या शेवटच्या व्हिडिओला आधीच्या सगळ्यांहून अधिक पसंतीचे अंगठे मिळाले. सुयोगने तो पाहिला, त्याच्या अंगावर काटा आला, त्या दिवशी तो जेवलाही नाही. आणि पुढच्याच आठवड्यात पुन्हा तेच! आता याला काय म्हणावे?

आबा सांगून सांगून थकले. पोरगा मान डोलवी, हो म्हणे, आणि आबा दृष्टीआड झाले की फोन उभा करी. आबांना घास उतरेना. फोन वाजला की तो उचलायला ते धजत नसत, आज कसला निरोप ऐकावा लागणार म्हणून.

अशात पिठाच्या गिरणीतून बोलावणे आले. धान्यावर उंदीर आले होते आणि उंदरांमागे नाग. दोघे पोहोचले तेव्हा गिरणीवाली बाई लेकरांना कवटाळून समोरच्या ओट्यावर चढून बसली होती, आणि गिरणीच्या दारात बघ्यांची ही गर्दी, ज्याच्या त्याच्या हातात फोन. आबांनी साप उचलायचा हुक स्वतःकडे घेतला आणि सुयोगला म्हणाले की आज मी पकडतो, तू व्हिडिओ काढ. सुयोग हरखला. म्हाताऱ्याला अखेर पटले म्हणायचे!

पोत्यांमागून नाग बाहेर आला आणि फणा काढून उभा राहिला. तेव्हा आबांनी जन्मात केले नव्हते ते केले. त्यांनी नागाकडे पाठ फिरवली आणि ते शांतपणे कॅमेऱ्याकडे पाहत राहिले.

दारात शिट्टी वाजली. कुणीतरी म्हणाले, आजोबा, जरा मागे सरका, फणा नीट येत नाही. आणि आबा खरोखरच एक पाऊल मागे सरकले.

सुयोगच्या हातातून फोन सुटला की त्याने फेकला, हे त्याला आजही सांगता येत नाही. त्याने धावत जाऊन आबांचे मनगट धरले आणि असे खेचले की दोघेही दाराजवळच्या भिंतीवर आदळले. दारातून निराशेचा सूर निघाला.

आबा उठले. त्यांनी सुयोगला मागे सारले, नजर नागावर ठेवून हुकाने त्याला अलगद पिशवीत घेतले आणि गाठ मारली. गिरणीवालीला आत यायला सांगून ते बाहेर पायरीवर येऊन बसले. सुयोग संतापाने रडत होता. असे का केलेत, एवढेच तो पुन्हा पुन्हा विचारत होता.

आबा म्हणाले, "भीती वाटली ना? गेले कित्येक महिने मी याच भीतीत जगतोय. बोलून ती तुला देता येईना, म्हणून आज दाखवली. नाग किती लांबवर पोहोचतो ते मीच तुला शिकवलं आणि तेवढं अंतर मी राखलं होतं. पण तू सगळं विसरलास, कारण माणूस तुझा होता. दारातली माणसं काही वाईट नाहीत रे. पण मला दंश झाला असता तरी त्यांच्या घरी आज चूल पेटलीच असती. ज्याच्या घरची चूल तुझ्यासाठी विझणार नाही, त्याच्या सांगण्यावरून पाऊल टाकू नकोस."

सुयोग म्हणाला की आजपासून हे सगळे बंद, फोनवरून काढूनच टाकतो. आबांनी नकारार्थी मान हलवली. गिरणीवालीचे बोलावणे त्याच फोनवर आले होते. विषारी कोणता, बिनविषारी कोणता, दंश झाला तर मांत्रिकाकडे न जाता दवाखाना गाठा, हे लोकांना दाखवायचे तर फोन हवाच. फक्त साप मोकळा असताना तो खिशात राहावा, इतकेच त्यांचे म्हणणे होते.

नागाला रानात सोडायला दोघे निघाले, तेवढ्यात सुयोगने जमिनीवरून उचलून आणलेला फोन थरथरला. दारातल्या कुणीतरी ते सारे केव्हाच जगाला दाखवले होते. अंगठ्यांचा पाऊस पडत होता, आणि सर्वांत जास्त अंगठे मिळालेले वाक्य सगळ्यांच्या वर होते: 'पोराने ऐन वेळी मजा घालवली.'

सुयोगने ते वाचले. मग पुन्हा वाचले. त्याच्या आजवरच्या प्रत्येक व्हिडिओखाली हीच माणसे होती. त्याने फोन खिशात घातला आणि गाडी सुरू केली. काय झाले, असे आबांनी मागून विचारले.

"काही नाही आबा," तो म्हणाला, "नीट धरून बसा."

आपल्याला पाहणारे किती, हे फोन सांगतो. आपल्यासाठी घाबरणारे कोण, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.