ठकूचा आवा

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाच्या माठांची आता पुन्हा मातीसुद्धा झाली असेल. एका तळ्याच्या काठी कुंभारांची एक आळी होती. आळी म्हणजे चाळीस घरं, चाळीस चाकं, आणि सगळ्यांत मिळून एकच आवा.

आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी, हे लहानग्यांना सांगून ठेवते. मोठ्यांनी हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांना तरी कुठं ठाऊक होतं?

त्या आळीत एक रीत होती. चाकावर बसायचं ते पुरुषांनी. बायकांनी माती तुडवायची, पाणी आणायचं, ओली मडकी उन्हात मांडायची, दिवसातून चारदा फिरवायची आणि सावलीत न्यायची. पण चाकाला बोट लावायचं नाही. का? तर रीत. कुणी पाडली? ते कुणालाच माहीत नाही. रीतीचं असंच असतं बघा, तिचा बाप कधी सापडत नाही.

आणखी एक रीत होती, जरा कठोर. ज्या घराचं चाक थांबेल, त्या घराची आव्यातली जागा गेली. आव्यात जागा नाही, तर तळ्याची माती नाही. आणि माती नाही, तर त्या घरानं भांडीकुंडी उचलून आळी सोडायची.

ठकूच्या घरावर नेमकी हीच पाळी आली. तिचा बाप मातीच्या खाणीत घसरून पडला आणि त्याचा उजवा खांदा निखळला. वैद्य झाले, लेप झाले, पण हात काही वर होईना. घरात ठकू, तिची आई आणि तो. मुलगा नाही.

पाच दिवस चाक उभंच राहिलं. सहाव्या दिवशी बाप म्हणाला, "ठकू, बस चाकावर."

आई घाबरली. "अहो, लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणायचं ते म्हणतील," बाप म्हणाला. "उद्या बोचकं डोक्यावर घेऊन निघालो, की उचलू लागायला येणार आहेत का ते?"

ठकू बसली. पहिलं मडकं वाकडं झालं, दुसरं फतकल मारून बसलं, तिसऱ्याचं तोंडच गळून पडलं. पण लहानपणापासून ती बापाशेजारी बसून बघत आली होती. डोळ्यांना ठाऊक होतं, ते हातांना कळायला पंधरा दिवस लागले. सोळाव्या दिवशी एक माठ असा देखणा उतरला, की बापाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

आता आळीत हैबती नावाचा एक तरणाबांड गडी होता. कारभाऱ्याचा मुलगा. कारभारी म्हणजे आळीचा मुख्य, त्याचा शब्द शेवटचा. त्यामुळे हैबतीचा शब्द पहिला! मिशीला पीळ, मागं दोन मित्र, आणि दिवसाला इतरांच्या दुप्पट मडकी काढतो म्हणून गर्व आभाळाला टेकलेला.

ठकू चाकावर बसते हे कळल्यावर त्याला खेळणंच मिळालं. "ए ठके, चाकावर बसलीस, आता मिशा फुटणार बघ तुला!" असं तो येताजाता ओरडायचा. बापाला विचारायचा, "काय काका, मुलगा कधी झाला?" मग एके सकाळी ठकूनं वाळत घातलेल्या प्रत्येक माठावर कोळशानं मिशा काढलेल्या! आळी खो खो हसली. म्हातारेसुद्धा हसले. बायकांनी पदराआडून हसून घेतलं.

ठकूनं मिशा पुसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसल्या. आठ दिवस ती पुसत होती आणि घरात येऊन रडत होती. नवव्या दिवशी तिला रडूच येईना. राग आला.

दहाव्या सकाळी हैबती कोळसा घेऊन आला आणि जागीच थांबला. प्रत्येक माठावर आधीच मिशा होत्या. लालभडक गेरूच्या, कानापर्यंत गेलेल्या!

"या हैबतीदादा," ठकू मोठ्यानं म्हणाली, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. "तुमची रोजची मेहनत वाचवली. बघा बरं, तुमच्यापेक्षा झुपकेदार आल्यात का?"

आळी पुन्हा हसली. पण या वेळी हसू दुसरीकडे वळलं होतं.

दुसऱ्याची टर उडवणाऱ्याला स्वतःची टर सोसवत नाही. हैबतीचा चेहरा त्या गेरूसारखा झाला. त्यानं पाय उचलला आणि ठकूचे तीन माठ लाथेनं फोडले. वीस माणसं उभी होती. पण अळीमिळी गुपचिळी! कारभाऱ्याच्या पोराला कोण बोलणार?

ठकूनं खापऱ्या गोळा केल्या आणि म्हणाली, "माठ मी पुन्हा करीन, दादा. पण चाकावरनं उठणार नाही."

चार दिवसांनी आवा रचला. चाळीस घरांची मडकी त्यात गेली, वर पेंढा आला, त्यावर मातीचा लेप. कारभाऱ्यानं विस्तव दिला. तासाभरात आतून आवाज आला, फट्! मग फट् फट् फट्! अर्धा आवा फुटला. महिन्याच्या मेहनतीच्या खापऱ्या झाल्या.

"सांगितलं नव्हतं?" हैबती गरजला. "बाईचा हात चाकाला लागला! अग्नी कोपला!"

संध्याकाळी पिंपळाखाली आळी जमली. कारभारी खाकरून म्हणाला, "ठकूच्या घराची आव्यातली जागा आजपासून बंद. आठ दिवसांत घर मोकळं करावं."

ठकूच्या आईनं पदर तोंडाला लावला. बाप उठू लागला, पण ठकूनं त्याला खाली बसवलं आणि स्वतः उभी राहिली. 

"कारभारी, एकच विचारते. गेल्या वर्षीही आवा दोनदा फुटला. तेव्हा माझ्या चाकावर माझा बाबा होता. सगळ्या आळीत चाकाला एकाही बाईचा हात नव्हता. मग तेव्हा अग्नी कुणावर कोपला होता?"

पिंपळाखालची माणसं एकमेकांकडे बघू लागली.

आणि मग मागून एक आवाज आला. आळीनं तो आवाज आजवर सभेत ऐकलाच नव्हता. कारभारीण उभी राहिली होती. हैबतीची आई!

"मी सांगते," ती म्हणाली. "मडकं वाळलं की नाही हे डोळ्यांना कळत नाही. गालाला लावलं की कळतं. थंड लागलं, तर आत ओल आहे. आणि ओल असलेलं मडकं विस्तवात फुटतं, शेजारच्यांनाही घेऊन फुटतं. या आळीतल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक आहे. हैबतीची मडकी बुडाला जाड असतात, घाईची असतात. मी दर वेळी सांगते, बाबा, अजून दोन दिवस थांब, थंड लागतायत. तो म्हणतो, आई, तू मडकी फिरव, जीभ फिरवू नकोस."

"आई!" हैबती ओरडला.

"आता आई म्हणतोस होय? गेल्या वर्षीच आईचं ऐकलं असतंस, तर चाळीस घरांचं नुकसान टळलं असतं. नाचता येईना अंगण वाकडं! आणि मीही गप्प बसले, तो माझा दोष. त्या पोरीचे माठ फुटले तेव्हाही गप्प बसले. आता नाही बसायची."

कारभारी बायकोकडे बघतच राहिला. हैबती मात्र ताठ. "माझ्या मडक्यांचा निवाडा बायकांच्या गालांनी होणार? मग दोन आवे लावा! एक माझा, एक हिचा. बघू कुणाचा फुटतो!"

"लावा," ठकू म्हणाली.

कारभाऱ्यानं मान डोलावली. "ज्याचा आवा फुटेल, त्यानं चाकावरनं उठावं. तोवर ठकूचं घर आहे तिथंच राहील."

पंधरवड्यानंतर तळ्याकाठी दोन आवे रचायला घेतले. हैबतीच्या आव्याजवळ मडक्यांचा डोंगर, ठकूच्या आव्यात तिचे तेवढे अकरा माठ. पुरुषांनी रीतीला धरून आपापल्या घरची सगळी मडकी हैबतीकडे आणून ठेवली होती. तेवढ्यात कारभारीण पुढं झाली. तिनं डोंगरातलं एक मडकं उचललं, गालाला लावलं, आणि चालत जाऊन ठकूच्या आव्यात ठेवलं. मग शेजारीण उठली. मग तिची सून. मग सगळ्या आळीतल्या बायका! एकेक मडकं गालाला लावायचं. कोमट लागलं तर ठकूकडे, थंड लागलं तर परत उन्हात.

"अगं, हे काय चाललंय?" एक नवरा म्हणाला.

"चाक तुमचं," त्याची बायको म्हणाली, "पण वाळवण आमचं. बाजूला व्हा."

हैबतीच्या आव्यात त्याची आणि त्याच्या दोन मित्रांची मडकी तेवढी उरली. सकाळच्या उन्हात दोन्हीकडे विस्तव पडला. ऊन डोक्यावर यायच्या आत हैबतीच्या आव्यातून आवाज आला, फट्! मग किती आले ते मोजायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. ठकूचा आवा मात्र शांत धुमसत होता.

तिसऱ्या दिवशी राख बाजूला झाली. ठकूनं पहिला माठ उचलून बोटानं वाजवला. टण्! दुसरा, टण्! एकाला तडा नाही. ठकूचा बाप डाव्या हातानं माठ वाजवत सुटला, लहान पोरासारखा. हातच्या कांकणाला आरसा कशाला? आळीनं डोळ्यांनी बघितलं आणि कानांनी ऐकलं. बायकांनी ठकूला उचलून घेतलं आणि पुरुषांनी टाळ्या वाजवल्या.

हैबती खापऱ्यांपाशी मान खाली घालून उभा होता. चाकावरनं उठायची पाळी आता त्याची होती. कालपर्यंत त्याच्या मागं फिरणारा मित्रच ओरडला, "हैबत्या, जा आता, बांगड्या भर!"

आळी हसायला लागली.

"थांबा!" ठकू म्हणाली, आणि हसू तिथंच थबकलं. तिनं आपले दोन्ही हात वर केले. बांगड्या राखेनं माखलेल्या होत्या. "बांगड्या म्हणजे काय शिक्षा आहे? आज तुमचा आवा याच हातांनी राखला. हसून हसून तुम्ही मला आळीतून घालवत होतात, आता त्याला घालवणार? मला त्याचं चाक नको. माझं मला पुरे. त्यानंही बसावं, मीही बसते. पण मडकं गालाला लावल्याशिवाय आव्यात जायचं नाही, मग ते कुणाचंही असो."

हसणाऱ्यांच्या माना खाली गेल्या. हैबती सगळ्यांदेखत आईपुढं येऊन म्हणाला, "आई, मला शिकव." मग ठकूकडे वळला. "तुझे तीन माठ मी देणं लागतो. वाळवून देईन. नीट."

त्या दिवसापासून आळीची रीत बदलली. पुढच्या सुगीपर्यंत नऊ पोरी चाकावर बसल्या होत्या, आणि भर उन्हात हैबती मडकी फिरवत होता, एकेक गालाला लावून. त्याला कुणी हसलं नाही.

तात्पर्य: काम हातांचं असतं, बाईचं किंवा पुरुषाचं नसतं, आणि दुसऱ्याला छळणाऱ्याचं बळ आपण हसायचं थांबवलं की संपतं.