राणीची उचकी आणि सुटा कागद

एका राज्यात औषधांची मूळ पोथी एकच होती आणि तिच्यावर काम करणारे लेखनिक वीस. प्रत्येकाकडे पोथीची एकेक नक्कल. नवा उपाय सापडला की पानावर लिहायचा, क्रमांक घालायचा, शिक्का मारायचा. मूळ पोथी सुधारली की सगळ्यांना नवी नक्कल मिळे. मग जुनीतली आपली शिक्क्याची पानं काढून एकेक करून नवीत लावायची आणि जुनी थेट कागदाच्या लगद्याच्या हौदात.

या वीस जणांत एक पोरगी होती, सगळ्यांत नवी. तिच्या शेजारी थोरले लेखनिक. तीस वर्षांत त्यांनी झिजवली ती मुख्यतः बैठक.

एकदा राणीला उचकी लागली. आठ दिवस झाले, थांबेचना. दरबारात हुकूमसुद्धा अर्धेच सुटायला लागले. थोरल्यांना उपाय सापडला, अर्धा लिहूनही झाला, आणि नेमक्या तेव्हाच नव्या नकला आल्या.

पोरीने आपलं अर्धवट पान चिठ्ठी लावून चौरंगाशेजारच्या आपल्या पेटीत ठेवलं. म्हणाली, "काका, तुमचाही कागद सुटाच आहे. शिक्का तरी मारा, नाहीतर पेटीत तरी ठेवा."

"अर्ध्या पानावर माझा शिक्का? लोक हसतील. आणि पेट्या लागतात नवशिक्यांना. मला तू शिकवू नकोस."

कागद जुन्या नकलेत खुपसून ते जेवायला गेले. पोरीने तो हळूच काढून आपल्या पेटीत ठेवला.

जेवून आल्यावर थोरल्यांनी ऐटीत शिक्क्याची पानं नवीत लावली आणि जुनी नक्कल हौदात टाकली. तोच राणीचा माणूस दारात: उपाय द्या. थोरल्यांना एक माप आठवेना. कोपरापर्यंत हात घालून ते हौद ढवळायला लागले. पोरीने थोडा वेळ ढवळू दिलं. तीस वर्षांच्या अनुभवाला तेवढा मान द्यायलाच हवा.

मग कागद पुढे धरला. "घ्या. नव्या पोथीत सुंठेचं माप बदललंय, तेवढी ओळ जुळवून घ्या."

थोरल्यांनी ओळ सुधारली, पान पुरं केलं, शिक्का मारला. संध्याकाळी राणी एक अख्खं वाक्य बोलली.

दुसऱ्या दिवशी थोरल्यांच्या चौरंगाशेजारी कोरी करकरीत पेटी होती. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पहिल्यापासूनच आहे."

तात्पर्य: पाया बदलण्याआधी हातातलं अर्धं काम नोंदवा, नाहीतर जपून बाजूला ठेवा, हौद कुणाचं वय विचारत नाही.