साळुंकीचे पाच भाषांचे वर्ष

मुलांनो, दोन टेकड्यांच्या मधे सागवानाचे एक रान होते आणि रानाच्या पोटात एक मोठे तळे. त्या तळ्याकाठच्या बाभळीच्या ढोलीत एक साळुंकी राहत होती. तिचा गळा असा तयार की एकदा ऐकलेला आवाज ती जसाच्या तसा काढी. बुलबुलाची शीळ काढावी तर बुलबुलाने वळून बघावे. सातभाईंचे भांडण काढावे तर खुद्द सातभाईंनी मधे पडून ते मिटवावे! रानातल्या सगळ्यांची बोली तिला येत होती, आणि आपल्याला ती येते हे तिला चांगले ठाऊकही होते.

दर हिवाळ्यात या तळ्यावर दूरदेशीचे पाहुणे उतरत. डोंगरांपलीकडून चक्रवाक येत, हंस येत, चमच्यासारख्या चोचीची थापट्या बदके येत, भोरड्यांचे थवे येत आणि उंच मानेचे करकोचे येत. पाचांच्या पाच भाषा. रानातले पक्षी त्यांच्याकडे लांबूनच बघत. साळुंकीला मात्र स्वस्थ बसवेना. पहिला थवा पाण्यावर उतरला त्या सकाळीच ती आपल्या मैत्रिणीकडे, टिटवीकडे गेली.

"अगं, ठरलं माझं," ती म्हणाली. "या वर्षी पाचही भाषा शिकायच्या. प्रत्येकीचे शंभर शब्द. पाहुणे परत जायच्या आत पाचशे शब्द झाले पाहिजेत."

"पाचही? एकदम?"

"एकदमच. सकाळी चक्रवाक, मग हंस, दुपारी थापट्या आणि भोरड्या, संध्याकाळी करकोचे. दिवस केवढा मोठा असतो!"

टिटवीने मान वाकडी केली. "आणि शिकून कोणाशी काय बोलणार?"

"ते नंतर बघू. आधी शब्द तर होऊ देत."

साळुंकीने एका सागाच्या सालीवर चोचीने पाच रकाने पाडले. शब्द आला की एक रेघ. ती मनापासून मेहनत करी. उजाडता उजाडता चक्रवाकांच्या मागे उडे, ऊन चढले की हंसांच्या पायाशी बसे, अंधार पडेपर्यंत पुटपुटत राही. रेघा भराभर वाढल्या. पाहुण्यांना ती त्यांच्या भाषेत सुप्रभात म्हणे आणि ते विनयाने मान हलवत. मग ते काहीतरी लांबलचक बोलत, तेव्हा साळुंकी हसून पुढच्या पाहुण्याकडे उडून जाई.

"काय म्हणाला गं तो हंस?" टिटवी विचारी.

"ते काही कळलं नाही. पण सुप्रभात मी अगदी हंसासारखं म्हटलं की नाही?"

पौष सरता सरता सालीवर तीनशेवर रेघा झाल्या होत्या. साळुंकी खूश होती. कधीकधी शब्दांची सरमिसळ होई. हंसाचा शब्द थापट्यापुढे निघे आणि थापट्या गोंधळून पाण्यात डोके घाली. पण त्याचे तिला काही वाटत नसे. रेघ तर पडली होती ना!

अशीच एका सकाळी ती बाभळीच्या शेंड्यावर बसली होती. टिटवी तळ्याच्या पलीकडच्या काठाला गेली होती. खाली करकोच्यांचा कळप ओल्या मातीत चरत होता आणि एक पिल्लू कळपापासून जरा दूर, बाभळीखालच्या लव्हाळ्याच्या बाजूला आले होते. पिल्लू म्हणजे अगदी लहान नव्हे. उंचीला आईच्या खांद्याशी लागणारे, याच वर्षी पहिल्यांदा डोंगर ओलांडून आलेले. साळुंकीची नजर लव्हाळ्यात गेली. आत रानमांजर दबा धरून बसले होते.

रानातली धोक्याची साधी आरोळी तिने ठोकली असती तरी भागले असते. पण आपल्याला करकोच्यांची भाषा येते, तर ती त्यांच्याच भाषेत द्यावी असे तिला वाटले. 'पळा'ला काय म्हणतात? शब्द जिभेवर होता. "आंग! आंग!" ती सगळ्या ताकदीने ओरडली.

'आंग' म्हणजे 'पळा' हे खरे, पण चक्रवाकांच्या भाषेत. करकोच्यांच्या भाषेत 'आंग' म्हणजे 'इकडे या, दाणे सापडले.' तळ्यावरचे चक्रवाक एकदम उडाले. आणि करकोच्याचे पिल्लू आनंदाने मान उंचावून आवाजाच्या दिशेने, थेट लव्हाळ्याकडे, धावत निघाले.

रानमांजराने झेप घेतली. पिसे उडाली, चिखल उडाला. करकोचीण चोच परजून वाऱ्यासारखी धावून आली आणि तिच्या टोच्यांनी रानमांजर पळाले. पिल्लू वाचले, पण त्याचा डावा पंख जमिनीवर लोळत होता.

साळुंकी दिवसभर ढोलीबाहेर पडली नाही. तिचा आवाज मुळात कोणाला ओळखू आला नव्हता. गप्प बसली असती तरी चालले असते. संध्याकाळी टिटवी आली तेव्हा मात्र तिने स्वतःहून सांगितले.

"मी त्याला 'पळ' म्हणायला गेले आणि 'ये' म्हटलं. माझ्यामुळे झालं हे."

टिटवी तिच्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "मग आता शिकणं सोडून देणार?"

साळुंकीने विचार केला. "नाही. शिकले म्हणून चुकलं नाही. शिकले त्या रीतीने चुकलं. पाच घरांच्या उंबऱ्यावर उभी राहिले मी, आत एकाही घरात गेले नाही."

पळस फुलला आणि पाहुण्यांची परतायची वेळ झाली. पिल्लाचा पंख जुळत होता, पण डोंगर ओलांडण्याजोगा नव्हता. कळपाला थांबता येणार नव्हते. उन्हाळ्यात त्यांना तळ्याचे पाणी पुरले नसते. निघायच्या दिवशी करकोचीण बाभळीखाली आली, आपल्या भाषेत रोज सुप्रभात म्हणणाऱ्या साळुंकीकडे मान उंचावून उभी राहिली आणि काहीतरी लांबलचक बोलली. हळूहळू, एकेक शब्द तोडून बोलली. साळुंकीच्या सालीवर करकोच्यांच्या भाषेच्या चौसष्ट रेघा होत्या. त्या चौसष्टांतले दोनच शब्द तिला त्या बोलण्यात सापडले : 'आम्ही' आणि 'नको'. करकोचीण उत्तराची वाट बघत राहिली. साळुंकीला फक्त मान हलवता आली. मग कळप उडाला, टेकडीवर एक घिरटी घेतली आणि दिसेनासा झाला.

आईचे ते बोलणे साळुंकीच्या गळ्यात जसेच्या तसे राहिले. अर्थ कळला नव्हता, पण आवाज पक्का होता.

दुसऱ्या दिवसापासून ती पिल्लापाशी राहू लागली. बाकीचे चार रकाने तिने बाजूला ठेवले. आता रेघा मारायला वेळच नव्हता. पिल्लू चरायला निघाले की ती पुढे उडून पाहणी करी आणि परत येऊन सांगे : तिथे साप आहे, त्या दगडाकडे नको, पाणी आटले, पलीकडच्या डबक्याकडे चल. शब्द चुकला तर पिल्लू भलतीकडे जाई, म्हणून शब्द चुकवून चालत नसे. पिल्लूही एकटे पडलेले. बोलायला कोणी मिळाले तर त्याला हवेच होते. ते तिला आपल्या गावच्या गवताळ माळांबद्दल सांगे, वाटेतल्या बर्फाबद्दल सांगे. "बर्फ म्हणजे काय रे?" ती विचारी. मग ते तासन् तास समजावत बसे, तिला पटत नसे, आणि दोघांचे कडाक्याचे भांडण होई. एकदा भांडता भांडता साळुंकीच्या लक्षात आले की रागावताना आपल्याला शब्द शोधावे लागलेच नाहीत. ती भांडण अर्ध्यावर सोडून हसतच सुटली.

"काय झालं, मावशी?" पिल्लाने विचारले.

"काही नाही रे. तू आपला भांड."

वैशाखात ऊन तापले. तळे आक्रसून थाळीएवढे झाले. एके दिवशी मागे राहिलेल्या भोरड्यांचा शेवटचा थवा उत्तरेकडे निघाला. पिल्लू मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिले आणि अचानक तळ्याकडेच्या उंच खडकावर चढू लागले.

"कुठे निघालास?"

"घरी. या थव्याच्या मागोमाग जातो. पंख बरा झालाय माझा. बघ ना!" त्याने पंख पसरला. तो पसरत होता खरा, पण टोकाची पिसे तुटकी होती आणि त्यांच्या फटींतून ऊन दिसत होते. खडकाखाली तळ्याचा तळ भेगाळून दगडासारखा झाला होता.

"थांब रे, इतक्यात नको."

"तुला काय कळतं? तू कुठे डोंगर ओलांडलायस?"

पिल्लू कड्यापाशी गेले, गुडघे वाकवले. साळुंकीचा जीव घाबराघुबरा झाला, आणि त्या घाबरलेल्या मनात, कुठून कोण जाणे, करकोचिणीचे ते लांबलचक बोलणे घुमू लागले. शिमग्याच्या सुमाराला तो नुसता आवाज होता. आता एकेक शब्द आपणहून उघडत गेला. तिने तोंड उघडले आणि ते सगळे, आईच्याच आवाजात, एकेक शब्द तोडून म्हटले :

"ते म्हणेल, पंख बरा झाला. त्याचं ऐकू नकोस. जुनी पिसं गळून नवी येईपर्यंत त्याला उंचावरून झेप घेऊ द्यायची नाही. त्याला एवढंच सांग, की आम्ही येऊ, पण तोवर हट्ट नको."

पिल्लू जागच्या जागी थिजले. त्याने चारी दिशांना पाहिले. आई कुठे नव्हती. समोर साळुंकी होती.

"हे कधी म्हणाली ती?"

"निघायच्या दिवशी."

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"मला आत्ता कळलं," साळुंकी म्हणाली. "शब्दन् शब्द आत्ता कळला."

पिल्लाने पंख मिटले. ते कड्यापासून मागे आले आणि खडकाच्या सावलीत बसून राहिले. त्या दिवशी साळुंकी त्याच्याजवळून हलली नाही.

मग पावसाळा आला, तळे भरले. पिल्लाची जुनी पिसे एकेक करून गळाली आणि राखी रंगाची नवी, लांब पिसे आली. आधी ते काठावरून उडाले, मग झाडाएवढे, मग टेकडीएवढे. थंडी पडू लागली तशी एका दुपारी आकाशात ओळखीचा गलका झाला. पिल्लू झेपावले आणि आपल्या कळपाला अर्ध्या वाटेत जाऊन भिडले.

करकोचीण खाली उतरली ती थेट बाभळीपाशी आली. या वेळी साळुंकी शेंड्यावरून उतरून तिच्यासमोर बसली.

"सांगितलंत तसं केलं," ती करकोच्यांच्या भाषेत म्हणाली. "एकदा फार हट्ट केला त्याने, पण ऐकलं. आणि आणखी एक सांगायचं आहे. त्या सकाळी 'आंग' मीच ओरडले होते. मला 'पळ' म्हणायचं होतं. मला क्षमा कर तुम्ही."

आपल्या मुलाच्या नव्या पिसांवरून करकोचिणीने चोच फिरवली. मग म्हणाली, "'कर तुम्ही' नाही गं. 'करा तुम्ही'. मोठ्यांशी बोलताना 'करा' म्हणायचं."

"क्षमा करा तुम्ही," साळुंकी म्हणाली.

"आता बरोबर. ये, माझ्या बहिणींना भेट. मघापासून विचारताहेत, ही काळ्या डोक्याची कोण इतकी छान बोलते म्हणून."

साळुंकी त्या उंच पायांच्या घोळक्यात शिरली आणि दिवस मावळेपर्यंत बाहेर आली नाही.

दोन दिवसांनी टिटवीने विचारले, "मग, या वर्षी किती भाषा?"

"एक. चक्रवाकांची. आणि करकोच्यांशी रोज गप्पा, म्हणजे आहे ते गंजणार नाही."

"शंभर शब्द?"

"शब्द मोजणार नाही. ती म्हातारी चक्रवाकी दिसते ना, ती म्हणे कड्याच्या कपारीत घरटं करते. मी ढोलीत करते. पौष संपायच्या आत तिला विचारायचं, की बाई, तुमची पिल्लं एवढ्या उंचावरून खाली येतात तरी कशी? आणि तिचं उत्तर नीट समजून घ्यायचं. एवढंच माझं ध्येय."

पौष संपायला चार दिवस असताना तिने तो प्रश्न विचारला. म्हातारीला बोलायला विषय आवडला; उत्तर दुपारपर्यंत चालले. साळुंकीला त्यातले बरेचसे कळले आणि जे कळले नाही ते तिने न लाजता पुन्हा विचारले. पुढच्या हिवाळ्यात तिने हंसांची भाषा धरली, आणि ती पहिल्या दोन्हींपेक्षा लवकर आली. थापट्या आणि भोरड्या अजून राहिल्या आहेत. पण साळुंकीला घाई नाही आणि शंकाही नाही; येत्या हिवाळ्यात थापट्यांना काय विचारायचे ते तिने आत्ताच ठरवून ठेवले आहे.

तात्पर्य : अनेक भाषा शिकण्याची हौस जरूर बाळगावी, मात्र वर्षाचे ध्येय शब्दांच्या संख्येवर न ठरवता कोणाशी काय बोलायचे आहे यावर ठरवावे, आणि एका भाषेत मन रमल्यावरच दुसरीकडे वळावे.