वळणावर थांबणारी हत्तीण

तुम्ही न सांगता कुणी वाटेत थांबलं, तर तुम्ही त्याला आधी काय विचारता? "का रे थांबलास?" असं, की "चालतोस की नाही?" असं?

फार फार वर्षांपूर्वी एका डोंगराळ राज्यात एक माहूत होता. राजाच्या नव्या महालासाठी त्याची हत्तीण घाटावरून सागाचे ओंडके दोरांनी ओढत खाली आणी. ती शिकली होती एका जुन्या माहुताकडे. तो वारला, तेव्हा ती याच्याकडे आली.

नव्या माहुताची एक रीत होती. तिचे पाय तपासायचे असले की तो वाटेवर हिरवी फांदी टाकी. फांदी दिसली की ती थांबे. तपासून झालं की तो फांदी उचली, "चल" म्हणे, आणि ती चालू लागे.

पण उतार सुरू होतो त्या वळणावर ती फांदीवाचूनच थांबली. माहुताने खाली उतरून फांदी शोधली. असेल तर सापडेल ना! "चल," तो म्हणाला. तिने पाय उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला. पुन्हा "चल". पुन्हा तेच.

जुन्या माहुताची बायको खालच्या वस्तीत राहत होती. त्याने तिला गाठलं.

"काकू, पाय तपासायला मी फांदी टाकतो, तिथे ही थांबते ते ठीक; पण वळणावर फांदीवाचूनच थांबते. काकांनी ही कसली खोड लावून ठेवलीय हिला?"

"खोड नाही रे लेकरा, शिकवण आहे ती. फांदी तुझी, ती तू उचलशील. हा थांबा तिच्या अंगात आहे, तो काढायला जाऊ नकोस. ती थांबली की ओंडक्यांचे दोर बघ. मग सोंडेला हात लावून तिला एक पाऊल पुढे ने, आणि तिथून 'चल' म्हण."

तसं केल्यावर हत्तीण मुकाट चालू लागली. दोर मात्र त्याने कधी पाहिले नाहीत.

मागून येणारे माहूत हसत. "काय हो, हत्तीण तुमची की मेलेल्या धन्याची? हात धरून नेताय, नवी नवरीच जणू!"

त्याला ते झोंबलं. एके दिवशी वळणावर तो उतरलाच नाही. त्याने तिच्या कानामागे अंकुश रुतवला.

ती कळवळून म्हणाली, "धनी, मला पुढे न्या, मी येते. पण हे थांबणं मारून काढू नका."

त्याने ऐकलं नाही. रोज वळण आलं की अंकुश. शेवटी तिचं थांबणं सुटलं. माहूत मिशीला पीळ देऊन मागे बघू लागला, आणि मागचे गप्प झाले.

मग एका दुपारी, वळणाच्या अलीकडेच, दोर सैल झाला. हत्तीण थांबली नाही. उतारावर दोर सुटला, ओंडके गडगडत तिच्या मागच्या पायांवर आले. माहूत झुडपात फेकला गेला आणि ती दरीत कोसळली.

कड्यावरून तो ओरडला, "अगं, थांबायचं तरी!"

जे थांबणं आपण घातलेलं नाही, ते मोडू नये. त्याचं कारण बघावं आणि मग हाताने पुढे न्यावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या लोकांनी दरीत खड्डा खणला आणि मीठ घालून हत्तिणीला तिथेच पुरलं.